बापूकुटीची माती आणि कायद्याचे माप

जुनी वास्तू जपावयाची म्हणजे तिचा दगड, तिचे लाकूड, तिची वीट जशीच्या तशी टिकवावयाची, ही आपल्याकडील वारसा-संरक्षणाची रूढ कल्पना आहे. लेणी आणि किल्ले यांच्या बाबतीत ती बव्हंशी योग्यही आहे. सेवाग्रामच्या बापूकुटीला मात्र ती लागू करता येत नाही, आणि तिला दुसरी कोणती कसोटी लावावयाची याचा विचार अद्याप पुरेशा गांभीर्याने झालेला नाही.

१९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. (सेवाग्राम हे नामांतर १९४० मधले. विदर्भातल्या दुसऱ्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, हे त्याचे अगदी व्यावहारिक कारण.) आश्रमातील पहिली वास्तू आदिनिवास. साहित्य आसपासचे असावे, कारागीर तिथलेच असावेत आणि खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, अशी गांधीजींची अट होती. आज बापूकुटी म्हणून जी ओळखली जाते ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारलेली कुटी. गांधीजी तेथे नंतर राहू लागले आणि गरजेप्रमाणे तिच्यात भर पडत गेली. मातीच्या भिंती, लाकूड-बांबूचा सांगाडा, वर कवेलूंचे उतरते छप्पर आणि भिंतींना पावसाच्या माऱ्यापासून दूर ठेवणारी पडवी. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठविलेली ताडाची झाडे आणि चरखा, हीच काय ती सजावट. ब्रिटिशांनी सत्ता सोडावी असा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने जुलै १९४२ मध्ये वर्ध्यास केला, त्या काळात देशाच्या राजकारणाची सूत्रे या जमिनीवरच्या बैठकीवरून हलत होती. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी येथून दिल्लीस गेले, ते पुन्हा परतले नाहीत.

दिसायला सोपी वाटणारी ही रचना वस्तुतः फार हिशेबी आहे. मातीची जाड भिंत वर्ध्याच्या उन्हाळ्याची धग आत पोचू देत नाही, आणि कवेलूंच्या फटींतून कोंडलेली उष्ण हवा निघून जाते. या गुणांची किंमत मात्र दर वर्षी मोजावी लागते. पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागते, फुटकी कवेलू बदलावी लागतात, भिंती पुन्हा लिंपाव्या लागतात, वाळवी लागलेला वासा उतरवून दुसरा चढवावा लागतो. म्हणजे आज आपण जी कुटी पाहतो तिच्यातील बरीचशी सामग्री गांधीजींच्या काळची असूच शकत नाही. 'मग खरी कुटी कोणती?' असा प्रश्न एखादा चिकित्सक विचारील. जपानमधील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. २०१३ मध्ये ते बासष्टाव्या वेळी बांधले गेले, आणि तरीही त्याच्या प्राचीनत्वाविषयी कोणी शंका घेत नाही. १९९४ च्या नारा येथील आंतरराष्ट्रीय दस्तऐवजाने अस्सलपणाचा निकष सामग्रीपुरता न ठेवता परंपरा आणि तंत्र यांपर्यंत नेला, त्याचा अर्थ हाच.

आपला कायदा अजून तेथवर आलेला नाही. १९५८ चा केंद्रीय कायदा प्राचीन स्मारकाला किमान शंभर वर्षांच्या अस्तित्वाची अट घालतो. त्या मापाने आदिनिवासही २०३६ पर्यंत 'प्राचीन' ठरत नाही. बरे, ठरला तरी काय होईल? २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्थळाभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढील दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण. भोवतालचा ग्रामस्थ त्याने जेरीस येईल, पण कुटीच्या भिंतीला माती कोण लावणार, या प्रश्नावर कायदा मौनच पाळील.

खरी अडचण येथेच आहे. २०११ मध्ये आश्रमातून गांधीजींचा चष्मा चोरीस गेल्याचे उघड झाले तेव्हा देशभर खळबळ माजली. कवेलू घडविणारा कुंभार चाक बंद करतो तेव्हा त्याची बातमी होत नाही. सरकारदरबारी मातीचे घर म्हणजे 'कच्चे' घर, म्हणजेच दारिद्र्याची नोंद. २०१६ पासूनची ग्रामीण घरकुल योजना पक्क्या घरासाठीच पैसे देते. खेडुताला पक्के घर हवे असते यात त्याचा दोष नाही. दर वर्षी शाकारणीचा खर्च आणि सापविंचवाचे भय त्याने का सोसावे? परंतु गावोगावची मातीची घरे गेली की त्यांच्यावर जगणारे हातही जातात, आणि मग एका कुटीसाठी ते कोठून आणावयाचे? त्यांच्या अभावी सिमेंटचा मोह अनावर होतो. सिमेंटच्या गिलाव्यात भिंतीतील ओल कोंडते, माती आतून सुटत जाते आणि वरून मात्र सारे ठीकठाक दिसते.

गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने सेवाग्रामच्या विकासाचा आराखडा शासनाने हाती घेतला. त्यातून इमारती झाल्या, सोयी झाल्या. रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडण्यावरून २०२० मध्ये वर्ध्याच्या नागरिकांना मात्र रस्त्यावर उतरावे लागले. साबरमतीच्या बाराशे कोटींच्या प्रकल्पावरून उठलेले वादळही ताजे आहे. स्मारकाभोवती भव्यता उभारण्यास शासनाला निधी मिळतो. स्मारकाच्या रोजच्या दुरुस्तीस लागणारा माणूस तयार करणे हे काम अंदाजपत्रकात बसविणे त्याला अवघड जाते, कारण त्याचे उद्घाटन होत नाही.

वस्तुतः वर्ध्यात हे काम सुरू करण्यासाठी बाहेरून काही आणावयाचे नाही. माती, बांबू आणि कौले यांवर प्रयोग करणारे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र तेथे १९७६ पासून आहे. शासनाने आश्रम प्रतिष्ठान आणि हे केंद्र यांच्याशी बोलून कुंभार, सुतार आणि लिंपण करणारे यांच्यासाठी कायम वेतनाच्या पाच-दहा जागा निर्माण कराव्यात, त्यांच्या हाताखाली गावातील तरुण शिकावेत, आणि प्रत्येक वर्षाच्या दुरुस्तीची तपशीलवार नोंद ठेवली जावी. तालुक्यात ज्यांना मातीच्या घरातच राहावयाचे आहे त्यांना घरकुलाइतकेच अनुदान दुरुस्तीसाठी द्यावे, म्हणजे या कारागिरांना वर्षभर काम राहील. एका विकास-आराखड्याच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम नगण्य आहे, आणि तिची पहिली गरज येत्या मृगापूर्वीच्या शाकारणीला लागणार आहे.