साखळी उतरली म्हणून शाळा बुडू नये

सायकल हे यंत्र मोठे प्रामाणिक आहे. ते आपले दुखणे लपवीत नाही. चाकातील हवा गेली तर दिसते, ब्रेक सैल झाला तर कळतो आणि साखळीचा भाग झिजू लागला की कितीतरी आठवडे आधीपासून ते कुरकुरते, कटकटते, अडखळते. उणीव असते ती ही तक्रार ऐकण्याच्या सवयीची. हिंगोली जिल्ह्यासारख्या ठिकाणी या उणिवेची किंमत प्रामुख्याने शाळेत जाणाऱ्या मुलींना मोजावी लागते. म्हणूनच सायकलच्या साखळीसारखा वरवर क्षुल्लक वाटणारा विषय सार्वजनिक विचाराचा ठरतो.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांचा. काळ्या जमिनीचा, हळदीच्या नि सोयाबीनच्या शेतीचा, विखुरलेल्या लहान गावांचा हा मुलूख. प्राथमिक शाळा गावोगाव पोहोचली; परंतु पुढील शिक्षणासाठी अनेक गावांतील मुलामुलींना शेजारचे मोठे गाव गाठावे लागते. मुलगा कोणाच्या तरी मोटारसायकलीवर मागे बसून निघून जातो. मुलीच्या बाबतीत घरचे लोक दहादा विचार करतात. ही अडचण ओळखून राज्य शासनाने मानव विकास कार्यक्रमाखालील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्याची योजना आखली. राज्यातील अशा १२५ तालुक्यांत हिंगोली जिल्ह्यालाही स्थान आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलीसाठी असलेली ही रक्कम २०२२ मध्ये ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आली.

योजनेचा हेतू चांगला आहे आणि सायकलीने काय साधते याला पुरावाही आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशित प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींच्या नोंदणीतील अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. शाळा जितकी दूर, तितका हा लाभ अधिक होता. सायकल म्हणजे मुलीच्या दृष्टीने शाळा जवळ येणे, हे यावरून सिद्ध होते. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, ज्या दिवशी सायकल बंद पडते त्या दिवशी शाळा पुन्हा होती तेथे, चार-पाच किलोमीटर दूर जाऊन बसते.

सायकल एका दिवसात विकत घेता येते. ती रोज चालती ठेवावी लागते. शासनाचे अर्थसाहाय्य खरेदीचे आहे. पुढची देखभाल मुलीच्या घराकडे राहते आणि त्या घरात साखळीची निगा कशी राखावी हे सांगणारे कोणी असेलच असे नाही. पंक्चर सर्वांना कळते. पायडल, क्रँक, पुढचे दातेरी चक्र, साखळी आणि मागचे फ्रीव्हील या पाच वस्तूंच्या साखळदंडात नेमके काय बिघडले, हे मात्र फार थोड्यांना कळते. पायाचे बळ चाकापर्यंत पोहोचवण्याचे काम हाच भाग करतो आणि हिंगोलीच्या काळ्या मातीचा सर्वाधिक मारही यालाच बसतो. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. ही धूळ तेलकट साखळीवर बसली की तेल आणि माती यांचा लगदा पोलादाला कानशीसारखा घासू लागतो.

साखळीची रचना समजून घेतली तर निम्मे काम होते. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये सिद्ध केलेली रोलरची साखळी आजही तत्त्वतः तीच आहे. प्रत्येक सांध्यात एक खिळा, खिळ्यावर नळीसारखी बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच. ‘साखळी ताणली’ असे लोक म्हणतात, परंतु पोलाद काही रबरासारखे ताणले जात नाही. आतील खिळे आणि बुश झिजतात. प्रत्येक सांध्यात केसभर पोकळी पडते आणि शंभरावर सांध्यांच्या अशा पोकळ्या मिळून साखळी लांबते. तेलाची गरज या आतल्या जागेला आहे, बाहेरच्या पत्र्यांना नव्हे. प्रत्येक रोलरवर पातळ तेलाचा एकेक थेंब सोडावा, पायडल फिरवून तो आत मुरू द्यावा आणि मग बाहेरून साखळी फडक्याने कोरडी पुसून काढावी. इंजिनातून काढलेले काळे तेल साखळीवर ओतण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती धुळीला आमंत्रण देणारी आहे.

दोष शोधण्याची पहिली पायरी म्हणजे आवाज किती वेळाने येतो हे मोजणे. पायडलाच्या प्रत्येक फेरीला, पाय एका ठरावीक जागी आला की ‘टक’ असा आवाज होत असेल, तर दोष पायडल, क्रँक किंवा मधल्या धुऱ्यात आहे. साधारण सवादोन ते अडीच फेऱ्यांनंतर एकदा झटका बसत असेल, तर साखळीची एखादी कडी आखडली आहे. कारण साखळीला पूर्ण वळसा घालण्यास तेवढ्याच फेऱ्या लागतात. सतत किरकिर येत असेल तर साखळी कोरडी पडली आहे किंवा झाकणाला घासते आहे. चढावर जोर दिल्याबरोबर पाय एकदम निसटून पुढे जात असेल, तर साखळी फ्रीव्हीलच्या दातांवरून उडी मारते आहे. आणि पायडल फिरूनही चाक मुळीच फिरत नसेल, साखळी मात्र जागेवर असेल, तर फ्रीव्हीलच्या आतील खटके घट्ट झालेल्या तेलात आणि मातीत अडकून पडले आहेत. अनेकदा रॉकेलने धुऊन पातळ तेल सोडले की ते मोकळे होतात. तेथे ग्रीस भरणे म्हणजे तेच दुखणे परत बोलावणे होय.

सर्वांत नेहमीची तक्रार साखळी उतरण्याची. तिचे कारण बहुधा साखळीत नसून मागच्या चाकाच्या नटांत असते. नट सैल होतात, चाक खाचेत पुढे सरकते, साखळी लोंबू लागते आणि पहिल्याच खड्ड्यात दातांवरून खाली येते. उपाय सोपा आहे. नट ढिले करून चाक मागे ओढावे, ते दोन्ही बाजूंच्या नळ्यांच्या बरोबर मध्ये आणावे आणि नट पुन्हा आवळावेत. मधोमध धरलेली साखळी वरखाली सुमारे अर्धा इंच हलली पाहिजे. पुढचे चक्र क्वचितच नेमके गोल बसवलेले असते. म्हणून पायडलाची एक पूर्ण फेरी देऊन साखळी जेथे सर्वांत ताठ होते, तेथे हे माप घ्यावे. त्यापेक्षा घट्ट आवळली तर साखळी उतरणार नाही खरी. पण धुऱ्याचे छर्रे झिजतील आणि चढावर दमही लागेल.

पायडलाच्या फेरीबरोबर येणारा आवाज सहसा कॉटर पिनचा असतो. दोन्ही क्रँक हातांत धरून बाजूला हलवावेत. दोन्ही एकदम डुगडुगले तर मधल्या धुऱ्याच्या वाट्या सैल आहेत. एकच हलला तर त्या बाजूची पिन सैल आहे. केवळ नट आवळून पिन बसत नाही. क्रँकला खालून आधार देऊन पिन हातोडीने आत बसवावी लागते व मग नट आवळायचा असतो. सैल पिनवर महिनाभर सायकल चालवली तर धुऱ्याची आणि क्रँकची खाचच गोल होते, आणि काही रुपयांच्या पिनेपायी मोठा खर्च अंगावर येतो.

साखळी बदलावी की नाही, याचा निवाडा एका साध्या फूटपट्टीने होतो. २४ सांध्यांची लांबी नव्या साखळीत बरोबर १२ इंच भरते. ती अर्धे सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग वाढली, तर साखळी बदलावी, फ्रीव्हील वाचते. वाढ पूर्ण एक सूत झाली तर बहुधा फ्रीव्हीलचे दातही आकड्यासारखे वाकलेले असतात, आणि त्यांवर नवी साखळी टाकली तर ती पहिल्याच दिवशी उड्या मारू लागते. लांबलेल्या साखळीची एक कडी कापून ती आखूड करणे हा सर्वांत फसवा उपाय होय. लोंबणे थांबते, पण प्रत्येक सांध्यातील पोकळी तशीच राहते आणि उरलेले दात ती खाऊन टाकते. वेळीच घेतलेले एक माप घरातले पैसे वाचवते. उशीर झाला की साखळी, चक्र आणि फ्रीव्हील तिन्ही एकदम विकत घ्यावी लागतात.

हे सारे ज्ञान दुर्बोध नाही. चौदा वर्षांच्या मुलीला ते एका दुपारी शिकवता येईल. मग ते तिच्यापर्यंत पोहोचत का नाही? याचे एक कारण असे की, यंत्राला हात लावणे हे मुलीचे काम नव्हे, अशी समजूत अजून घट्ट आहे. साखळी उतरली की ती रस्त्याच्या कडेला उभी राहून कोणाची तरी वाट पाहते; आणि मुलीने अशी वाट पाहत उभे राहू नये म्हणूनच घरचे लोक तिला शाळेत पाठवण्यास कचरतात. दुसरे कारण गावातील कारागिराचे. ज्याच्या हाताला सायकलीची सवय होती त्याच्या दुकानात आज मोटारसायकली उभ्या आहेत, कारण पोट त्यांवर चालते. सायकल दुरुस्तीसाठी बाजाराच्या गावापर्यंत ढकलत न्यावी लागते. दुरुस्तीच्या घाईत साखळीचे झाकण काढून ठेवले जाते, ते पुन्हा बसत नाही आणि मग ओढणी साखळीत सापडण्याचे भय सुरू होते.

यावर उपाय नवे महामंडळ स्थापन करण्याचा नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पेटी असावी. तिच्यात योग्य मापाचे पान्हे, हातोडी, साखळीचा खिळा काढण्याचे साधन, तेलाची कुपी, फूटपट्टी, फडकी आणि एक पंप एवढेच लागेल. एका मुलीला सायकलीसाठी मिळणाऱ्या पाच हजारांत संपूर्ण शाळेची ही पेटी उभी राहू शकते. महिन्यातून एक दुपार सर्व सायकली मैदानात उलट्या ठेवून मुलींनी आणि मुलांनीही त्या स्वतः तपासाव्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे असे सुचवले आहे. त्यांतील एक दिवस सायकलवाल्याचा का असू नये? त्या दिवसाचे योग्य मानधन दिले तर त्याच्या कलेला मोल येईल आणि मुलांना गुरू मिळेल.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. हातांच्या कामातून शिक्षण हा विचार १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतच पुढे आला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला आणि ग्रामीण मुले अवजारे हाताळतानाच विज्ञान शिकू शकतात हे दाखवून दिले. साखळीच्या एका दुपारीत गुणोत्तर आहे, घर्षण आहे, मोजमाप आहे. पुढच्या चक्राला ४४ आणि फ्रीव्हीलला १८ दात असतील तर पायडलाच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरते, हे मुलांनी स्वतः मोजून काढले तर ते गणित फळ्यावरच्या गणिताहून अधिक काळ लक्षात राहील.

कोणी म्हणेल, रस्ते नाहीत, शिक्षक अपुरे आहेत, बस वेळेवर येत नाही. तेथे साखळीची चर्चा कशाला? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. रस्ता मुलीच्या हातात नाही, बसही नाही. साखळी मात्र तिच्या हातात येऊ शकते. आणि ज्या शासनाने सायकलीवर खर्च केला, त्याला ती दोन वर्षांनी गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत उभी राहिलेली परवडू नये. सायकली किती दिल्या याची मोजदाद होते. त्यांपैकी किती चालत आहेत हेही शाळांनी मोजले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला वर्षातून एकदा हा आकडा मागवणे अवघड नाही. मैदानात सायकली उलट्या ठेवल्या की मोजणी आणि दुरुस्ती एकाच दुपारी होतील, आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपटावर त्याचा परिणाम दिसेल.