डोक्याचे फडके आणि आपली समीक्षा

दोन वर्षांपूर्वी आमच्या एम.ए. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी जो विषय आणला, तो ऐकून मीही क्षणभर थबकलो होतो, हे आधीच कबूल करतो. मुलगी लोह्याजवळच्या एका खेड्यातली. आजी, चुलत्या आणि आळीतल्या म्हाताऱ्या यांच्याकडून तिने केसांविषयीचे शब्द गोळा केले होते. बुचडा, अंबाडा, खोपा, शेपटा, गंगावन, गुंता, बट, फणी, लिखा अशी ती यादी. शेवटच्या प्रकरणात, निजताना डोक्याला गुंडाळायच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याविषयी तिने अकरा पाने लिहिली होती. तोंडी परीक्षेला आलेल्या बाह्य परीक्षकांनी नेमके तेच प्रकरण उघडले. ते हसले. ‘विषय किरकोळ, वाङ्मयीन मूल्याशी संबंध नाही’ असा शेरा त्यांनी लिहिला, आणि वर मला म्हणाले, ‘सर, उद्या उशीवरही प्रबंध येईल!’ मुलगी खाली मान घालून बसली. मार्गदर्शक म्हणून मी बोलायला हवे होते. मी चहा मागवला.

तेव्हा दिले नाही ते उत्तर आता देतो आहे. परीक्षकांचे नाव घेण्याची गरज नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात त्यांचाच शेरा तयार असतो.

आधी ते फडके काय होते ते पाहू. प्रबंधातली आजी दिवेलागणीच्या आत केस विंचरून घेते, कारण दिवे लागल्यावर फणी हातात घ्यायची नाही हा दंडक. तेल चोपडायचे, फणीने गुंता काढायचा, केसांचा पीळ घालून बुचडा बांधायचा आणि वापरून वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्याचा तुकडा त्यावरून घट्ट गुंडाळून कपाळावर गाठ मारायची. का? आजीची कारणे साधी आहेत. वाकळेला तेलाचे डाग पडत नाहीत. वाकळ धुणे म्हणजे एका माणसाचा दिवस. ओळीने झोपलेल्या पोरांच्या उवा चढत नाहीत. उन्हाळ्यात माळवदावर झोपले तर धूळ बसत नाही, थंडीत कान झाकले जातात. आणि सकाळी रानात जायच्या घाईत गुंता सोडवत बसावे लागत नाही. सगळ्याच बायका असे करीत होत्या असा दावा त्या मुलीने केलेला नाही. तिने विचारलेल्यांपैकी काहींनी ‘कुठली दस्ती अन् कुठलं फडकं, अंग टाकलं की झोप’ असे सांगितल्याची नोंदही तिने प्रामाणिकपणे केली आहे. परीक्षकांना बहुधा तिथवर पोहोचता आले नसावे.

आता वाङ्मयीन मूल्याकडे येऊ. स्त्रीच्या केसांनी आपल्या साहित्यात केवढी जागा व्यापली आहे! ‘मेघदूता’तील यक्षपत्नी विरहात एकवेणी धारण करते, शाप संपल्यावर ती वेणी सोडायची यक्षाने. भट्टनारायणाच्या नाटकाचे नावच ‘वेणीसंहार’. द्रौपदीचे मोकळे केस बांधायचे भीमाने, आणि तेही शत्रूच्या रक्ताने माखलेल्या हातांनी. मराठी कादंबरी जरा सावध होऊन चालू लागते न लागते तोच हरिभाऊ आपट्यांची यमू आपल्यासमोर येते. ‘पण लक्षात कोण घेतो!’मधल्या त्या केशवपनाने मराठी वाचकाची झोप उडवली. हरिभाऊंची ही कादंबरी ‘करमणूक’मधून येऊ लागली त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केस न कापण्याची भूमिका घेतली. सुधारणेचा एवढा मोठा लढा वस्तऱ्याभोवती झाला. अलीकडे या, तर ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटातल्या सुलीच्या केसांत जट होते आणि तिचे आयुष्य देवीच्या दारात जाऊन पडते.

ही सारी उदाहरणे थोर आहेत, मी ती दरवर्षी शिकवतो. परंतु त्यांना एका ओळीत ठेवून पाहिले की एक गोष्ट खुपते. केस कुठे विरहाचे चिन्ह आहेत, कुठे सूडाचे, कुठे वैधव्याचे, कुठे देवीच्या बोलावण्याचे. ते सोडणारा, बांधणारा, कापणारा किंवा वाहणारा हात बहुतेक वेळी दुसऱ्याचा आहे. केस ज्या बाईच्या डोक्यावर आहेत तिने ते रोज रात्री स्वतःसाठी सांभाळले, ही गोष्ट जणू घडलीच नाही.

पदराची बाब घ्या. पदरावर आपण किती लिहिले आहे! पण पदर डोक्यावर येतो तो सासऱ्यासाठी, दिरासाठी, चावडीसाठी, देवळासाठी. केशवपन केलेल्या विधवेच्या डोक्यावरचे आलवण तर शुद्ध इतरांसाठी. ही वस्त्रे पाहणाऱ्याशी बोलतात. रात्रीचे फडके कुणाशीच बोलत नाही. दिवा मालवल्यावर ते बांधायचे, उजाडण्याआधी सोडायचे. ते मर्यादेचे वस्त्र नाही, सौभाग्याचे नाही, शृंगाराचे तर नाहीच. बाईच्या डोक्यावरच्या सगळ्या कापडांत केवळ तिच्या केसांच्या हितासाठी असलेले बहुधा हे एकच. आणि चिन्हे वाचण्याची सवय लागलेल्या आपल्या समीक्षेला जे चिन्ह नाही ते दिसतच नाही. त्या मुलीने हे माझ्याइतक्या शब्दाळ भाषेत लिहिले नव्हते. ‘हे फडके कोणी पाहावे म्हणून बांधत नाहीत’ एवढेच तिचे वाक्य होते. मला ते उशिरा कळले.

जटेचा उल्लेख वर आला, त्यावर थोडे थांबायला हवे. जट ही केसांची निगा थांबल्याने होणारी गोष्ट आहे. तेल नाही, विंचरणे नाही, आजारपणात वा बाळंतपणात अंथरुणाला खिळलेले डोके उशीवर घासत राहते, गुंत्यात धूळ आणि घाम बसून त्याची दोरी होते. मग कोणीतरी सांगते की हे देवीचे आहे, फणी लावू नका. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघरी जाऊन बायकांची समजूत घालून जटा काढतात. मानेला ओझे झालेल्या जटा. पहिल्या गुंत्यापाशीच निगा घेतली गेली असती तर यातल्या किती पुढे गेल्या असत्या? फडके जादूची वस्तू नाही, त्याने जट टळतेच असे कोणी म्हणू नये. पण गुंता होऊ न देण्याच्या शहाणपणाचा ते भाग आहे. एका वेणीपासून एखादीचे आयुष्य देवीला वाहिले जाऊ शकते अशा प्रदेशात राहून या शहाणपणाला किरकोळ म्हणायला धाडस लागते.

आता एक आडवळण, पण आपल्या मराठवाड्याच्या परिचयाचे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत आणण्यात आपला वाटा मोठा आहे. म. ना. वानखेडे यांनी औरंगाबादेत ती ओळख करून दिली. लातूरचे जनार्दन वाघमारे, जे पुढे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांनी त्या साहित्य-संस्कृतीवर ग्रंथ लिहिला. ‘निग्रो साहित्य आणि दलित साहित्य : तुलना’ या धर्तीचे प्रबंध आपण तीन पिढ्या लिहून घेतले. त्या समाजातल्या बायकांनी रात्री डोक्याला रुमाल वा टोपी बांधण्याची परंपरा मात्र आपल्या एकाही तुलनेत मी पाहिलेली नाही. तिचा इतिहास साधा नाही. १७८६ साली लुईझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस झाकलेच पाहिजेत असे फर्मान काढले. त्या बायकांनी तेच कापड भडक रंगांत, ऐटीत बांधून फर्मानाचा रोखच बोथट केला. ॲलिस वॉकरने केसांवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि तिथल्या अभ्यासकांना तो किरकोळ वाटला नाही. आपण त्यांची उगारलेली मूठ तेवढी घेतली.

येथे दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही आवरले पाहिजे. हल्ली साटिनच्या झोपायच्या टोप्या विकायला आल्या आहेत, आणि लगेच ‘आमच्या आज्यांना हे सगळे ठाऊक होते’ असे म्हणणारे उठले आहेत. नाही, सगळे ठाऊक नव्हते. सुती कापड तेल शोषते आणि केसांना धरते. साटिन-रेशमावर केस घसरतात, घर्षण कमी होते. कुरळ्या, चटकन कोरड्या पडणाऱ्या केसांना साटिन हवे असते ते याचसाठी. आजीला वाकळ वाचवायची होती, म्हणून शोषणारे कापड तिच्या कामाचे; रेशमाचा तुकडा तिच्या पेटीत नव्हताच. तिला विज्ञानाची पूर्वसूरी ठरवणे हाही तिला न पाहण्याचाच प्रकार. परीक्षकांनी तिला हसून घालवले, हे तिला पूजून घालवतील.

‘पण हे समाजशास्त्र झाले, साहित्य कुठे?’ असा प्रश्न येईल, नेहमी येतो. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आले. बाळंतिणीची उपासमार त्यात येते. त्याआधीही बायका बाळंत होत होत्या आणि उपाशी राहत होत्या. ‘विषय’ तो तेव्हा झाला, कारण सोसणारीने लिहिले. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’चे (२००३) नावच आईच्या हातातल्या विणकामावरून आले आहे. बाळंतिणीचे डोके आणि कान सव्वा महिना बांधून ठेवतात, बाळाला टोपडे-कुंची घालतात, हे आपल्या ग्रामीण कथेत वातावरणनिर्मितीसाठी येते. बांधणाऱ्या हाताचा विचार येत नाही, कारण लिहिणारा बहुधा ओसरीवर बसलेला असतो. मीही तिथेच बसून वाढलो. आईच्या उशाशी घडी करून ठेवलेले ते कापड मी रोज पाहिले असणार. मला त्याचा रंग आठवत नाही.

असो. त्या मुलीला पन्नासपैकी बावीस गुण मिळाले. प्रबंधाची प्रत विभागाच्या कपाटात आहे. त्यात तीन गावांतली, वेगवेगळ्या जातींच्या चौदा बायकांची बोलणी त्यांच्याच बोलीत उतरवलेली आहेत. कुठे त्या कापडाला फडके म्हणतात, कुठे दस्ती, कुठे धडपे. चौदांपैकी चार जणी आता हयात नाहीत. यंदाच्या लघुप्रबंधांसाठी विषय द्यायचे आहेत, आणि आणखी दोन विद्यार्थिनींनी ते कपाट उघडून मागितले आहे. त्यांच्या तोंडी परीक्षेला कोण येते ते पाहू. या वेळी चहा नंतर.