‘नाथ पैंचा मतदारसंघ’ हे आता पुरे

दर लोकसभेला एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड येतो. कोकणातल्या माणसाला तो चुकत नाही. एकाखाली एक नावं असतात. बॅ. नाथ पै. प्रा. मधू दंडवते. सुरेश प्रभू. मग एक रिकामी ओळ, आणि खाली ‘आणि आता?’ शेवटी कपाळावर हात मारणारा इमोजी.

मीही तो पाठवलाय. २०१४ ला पाठवला, २०१९ ला पाठवला. २०२४ ला आला तेव्हा मात्र राग आला. मी राजापूर तालुक्यातला. ज्या राजापूरच्या नावाने हा लोकसभा मतदारसंघ ओळखला जायचा, ते नाव २००८ च्या पुनर्रचनेत यादीतून गेलं. आता मतदारसंघ रत्नागिरी-सिंधुदुर्ग. नाव गेलं, फॉरवर्ड राहिला.

त्या फॉरवर्डचा अर्थ साधा आहे. आधीचा मतदार शहाणा होता, आताचा विकला गेलाय किंवा घाबरलाय. मला हे मान्य नाही.

माझ्या आजीला सही येत नव्हती. नाथ पैंनी गोलकनाथ निकालानंतर घटनेच्या ३६८ कलमावर खाजगी विधेयक मांडलं, ते तिच्या कानावरही गेलं नसणार. तिने १९५७ साली नाथ पैंना मत दिलं ते त्यांच्या विद्वत्तेला नाही. प्रश्न एकच होता : मुंबईसह महाराष्ट्र, हो की नाही? घरातले दोन पुरुष मुंबईत गिरणीत, तिथून येणाऱ्या मनिऑर्डरवर चूल पेटायची. मुंबई कुणाची, हा तिच्यासाठी भाषणाचा विषय नव्हता. नाथ पै ‘हो’च्या बाजूला उभे होते आणि निवडून आल्यावरही तिथेच उभे राहिले. १९७७ चंही तसंच. आणीबाणी हवी की नको? दंडवते बंगळूरच्या तुरुंगात राहून आले होते. त्यांची बाजू कुणाला विचारावी लागली नाही.

हा माझा मुद्दा आहे. तेव्हा मत दिलं की त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशीही तोच राहायचा.

आणि त्या काळाची आरती ओवाळणाऱ्यांनी १९९१ पण लक्षात ठेवावं. दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले. इंदिरा लाट पचवली, १९८४ ची सहानुभूतीची लाटही पचवली. रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी घातली ती त्यांनीच. तुतारीने गावी जाताना आपण अजून त्याच उपकारावर झोपतो. ते केंद्रात अर्थमंत्री असताना, १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. आणि पुढच्याच वर्षी राजापूरने त्यांना पाडलं. निवडून आले लष्करातून आलेले काँग्रेसचे सुधीर सावंत. म्हणजे फॉरवर्डमधल्या त्या ‘शहाण्या’ मतदारानेच हे केलं. पण ही ओळ फॉरवर्डमध्ये नसते.

प्रभूंचं तर वेगळंच. राजापूरने त्यांना १९९६ ते २००४ चार वेळा निवडून दिलं. वाजपेयींच्या सरकारात ऊर्जामंत्री म्हणून त्यांचं नाव होत असताना, २००२ मध्ये मंत्रिपद सोडायला लावलं ते शिवसेनेच्या नेतृत्वाने, मतदाराने नाही. २००९ ला ते नीलेश राणेंकडून हरले, ते खरं. पुढे रेल्वेमंत्री झाले ते हरियाणातून राज्यसभेवर जाऊन. यात कोकणच्या मतदाराचं कुठे काय चुकलं?

आता आमच्या तालुक्याकडे या. जैतापूरचा अणुप्रकल्प राजापूर तालुक्यात. नाणारची रिफायनरी राजापूर तालुक्यात. बारसूचा सडाही तिथेच. ज्याचं नाव यादीतून काढलं, तिथल्याच जमिनीवर देशाचा डोळा. इथल्या मतदाराला एकच साधा प्रश्न विचारायचा होता : रिफायनरी, हो की नाही? आजीच्या प्रश्नाइतकाच सरळ.

उत्तर द्यायला गेलो तर काय दिसतं बघा. २०१७ मध्ये नाणारच्या भूसंपादनाची अधिसूचना निघाली ती उद्योग खात्यातून. ते खातं शिवसेनेकडे. वर्षभरात तीच शिवसेना नाणारविरोधी झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत युती जुळली, त्यात नाणारमधून प्रकल्प हलवायचं ठरलं. आम्ही शिवसेनेच्या विनायक राऊतांना मतं दिली. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री असलेल्या उद्धव ठाकऱ्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. मे २०२३ मध्ये, बारसूत माती परीक्षणावरून पोलीस आणि गावकरी समोरासमोर आल्यावर, तेच ठाकरे आंदोलकांना भेटायला आले. दुसरीकडे नारायण राणे. २०१८ ला स्वतःच्या पक्षातून नाणारच्या विरोधात, भाजपमध्ये गेल्यावर रिफायनरीच्या बाजूने.

मग सांगा, ‘नाही’चं बटण कुठलं?

मला माहीत आहे, तालुक्यात रिफायनरी हवी म्हणणारेही आहेत. पोरांना मुंबईला जावं लागू नये, ही त्यांची मागणी खोटी नाही. मी त्यांच्याशी भांडतो, पण त्यांचीही तीच गत आहे. त्यांनी तरी ‘हो’ कुणाकडे बघून म्हणायचं?

७ मे २०२४ ला आंब्याच्या दिवसांत मतदान झालं. चाकरमानी गावात होतेच. राणे निवडून आले, पण राजापूर विधानसभा क्षेत्रात राऊत पुढे होते. कौल स्पष्ट होता, असं आम्हाला वाटलं. नोव्हेंबरमध्ये त्याच राजापूरने ठाकऱ्यांच्या राजन साळवींना पाडून शिंदे गटाचे किरण सामंत निवडून दिले. लगेच शहरातले मित्र म्हणाले, तुमच्या लोकांचं काही खरं नाही, सहा महिन्यांत फिरले. पैसा चालला असेल, नसेल. मी कुणाच्या खिशात हात घालून बघितलेलं नाही. पण पुढच्या फेब्रुवारीत हरलेले साळवीही शिंदेंच्याच पक्षात गेले. ज्यांनी त्यांना मत दिलं आणि ज्यांनी विरोधात दिलं, दोघांचंही मत शेवटी एकाच घरात जमा झालं. फिरलं कोण?

त्या आठवड्यात आमच्या वाडीच्या ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी एका काकांनी नाथ पैंचा फोटो टाकला, खाली ‘असे नेते पुन्हा होणे नाही’. बावीस जणांनी हात जोडले. मी विचारलं, काका, बारसूचं आता काय? त्यांनी मेसेज वाचला. निळ्या खुणा दिसल्या. उत्तर अजून आलेलं नाही.