शिकारी आणि शिंपीण

मैत्रिणींनो, गुलाबाच्या पानांच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले, की आपण काय करतो? आधी औषधाचा पंप शोधतो! नांदगावच्या आमच्या परसात गेल्या वर्षी मीही तेच केलं. वर जास्वंदीवरच्या पांढऱ्या किडीलाही दोन हात फवारले. महिन्याभरात पिठ्या ढेकूण दुपटीनं परतले, आणि कुंपणाच्या तुरीवरची गुणगुण मात्र थांबली. शत्रूबरोबर मी दोन मित्रही मारले होते.

पहिला मित्र ढालकिडा, म्हणजे शिकारी. ठिपक्यांचा हा भुंगेरा आणि त्याची अळी, दोघंही मावा खातात. एकेक अळी शेकडो फस्त करते. त्याचा ऑस्ट्रेलियातला भाऊबंद क्रिप्टोलिमस १८९८ साली भारतात आणला गेला. द्राक्षबागांत पिठ्या ढेकणांवर आजही तो सोडतात. गंमत म्हणजे त्याची अळीही ढेकणासारखीच पांढरी, झालरीची! खूण एवढीच, की ती मोठी असते आणि लगबगीनं चालते.

दुसरी, पानं कापणारी माशी. मधमाशीच्याच गोतातली, पण ना पोळं, ना राणी, एकटीचा संसार. पानाचे तुकडे ती खात नाही बरं का, पोकळ काडीतल्या घरट्याला अस्तर लावते. म्हणून मी तिला शिंपीण म्हणते. पराग ती पोटाखालच्या केसांत भरते. तुरीसारखी फुलं तिच्या खास आवडीची; त्यांच्या मिटलेल्या पाकळ्या ती दाबून उघडते.

फरक पाहा. ढालकिडा शेकडो अंडी घालतो. एके ठिकाणचा मावा संपला, तर उडून दुसरीकडे जातो. शिंपिणीची अंडी थोडकीच, आणि प्रत्येक पिल्लाला वेगळी खोली, वेगळी शिदोरी. फूल, पान, काडी सारं तिला जवळच हवं. म्हणून ती एकदा गेली, की लवकर परतत नाही.

तेव्हा कापलेल्या पानांकडे काणाडोळा करा. गुलाब त्यानं मरत नाही. मावा पाण्याच्या जोरदार धारेनं झाडा. पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्यानं पुसा, पण चालणारी पांढरी अळी तेवढी सोडा. बांबूच्या एका बाजूनं बंद असलेल्या नळ्यांची जुडी कुंपणाला आडवी बांधा. आणि शेतावर फवारणी ठरली असेल, तर घरात एवढं नक्की सांगा : उमललेल्या फुलांवर नको, आणि दिवसा तर नकोच!