संगणकावर प्रत्येकाचे नाव वेगळे हवे

आपल्या पेढ्यांवर वह्यांच्या जागी संगणक आले. गल्ल्यावर एक, गोदामात एक, मुनीमजींकडे एक. तिन्ही एकमेकांना जोडलेले असतात आणि दरपत्रक, उधारीची यादी, ताक्यांचा साठा एकाच सामायिक फोल्डरमध्ये असतो. सोय चांगली आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी सगळे संगणक एकाच नावाने व एकाच पासवर्डने उघडतात, आणि तो पासवर्ड दुकानातल्या पोऱ्यालाही पाठ असतो.

उद्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या उधारीतून रक्कम कमी झालेली दिसली तर विचारायचे कोणाला? वहीत हस्ताक्षर ओळखू येत असे. संगणकात ते काम वापरणाऱ्याचे नाव करते. सर्वांचे नाव एकच असेल तर संशय सर्वांवर जातो आणि इमानदार नोकर विनाकारण बदनाम होतो. "आमची माणसे घरचीच आहेत," असे म्हणणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे. घरच्या माणसाची अब्रू जपण्यासाठीच वेगळे नाव हवे.

ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्यावर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडावे. विंडोजमध्ये एखाद्याला फक्त वाचण्याचा, तर दुसऱ्याला बदल करण्याचाही अधिकार देता येतो. गोदामवाल्याने दर पाहावेत, बदलू नयेत. 'एव्हरीवन'ला पूर्ण अधिकार दिला असेल तर तो काढावा. मध्यवर्ती सर्व्हर नसेल तर नोकराच्या संगणकावरही त्याचे तेच नाव व तोच पासवर्ड ठेवावा, म्हणजे फोल्डर उघडताना अडचण येत नाही. नोकर काम सोडून गेला की त्याच दिवशी खाते बंद करावे. मात्र फाईल कोणी बदलली याची नोंद आपोआप होत नाही. ती सोय जाणकाराकडून चालू करून घ्यावी लागते.

कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे हिशेबाचे सॉफ्टवेअरच वापरावे लागते. पण पाच माणसे एकाच नावाने काम करू लागली तर त्या नोंदीचा उपयोग काय?

यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. मालकाने आधी आपला पासवर्ड मुनीमजींना सांगणे बंद करावे, म्हणजे नोकरही ऐकतील.