खराटा ठेवला, नांगर गाळला



वऱ्हाडची ओळख सांगताना प्रत्येक पुढारी गाडगेबाबांचे नाव घेतो. तसबिरीत बाबांच्या हाती खराटा. २०००-०१ साली सरकारने गावे झाडायची मोहीम काढली, तीही बाबांच्याच नावाने.

पण खराट्याआधी त्या हातांत नांगर होता. शेंडगावचा देबू बाप गेल्यावर दापुऱ्याला मामाच्या शेतात राबून मोठा झाला. ते शेत कर्जापायी सावकाराच्या घशात गेले. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा औतावरच्या देबूने त्याला पिटाळून लावले. हा देबू कोणत्या तसबिरीत आहे?

आम्ही शेतकीची पदवी घेतली. कपाशीची बोंडअळी, ज्वारीची खोडमाशी तोंडपाठ झाली. देबूचे शेत का गेले ते कुणी शिकवले नाही. भाऊसाहेब पंजाबराव देशमुख देशाचे कृषिमंत्री होते, एवढे ठाऊक. मध्य प्रांतात १९३३ साली झालेल्या कर्ज लवादाच्या कायद्यामागे त्यांचा रेटा होता, हे चळवळीत आल्यावर कळले. उशिराच, कबूल.

बाबांनी कीर्तनात आपल्यालाही सोडले नाही. कर्ज काढून लग्ने-तेरव्या करू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांनी जन्मभर सांगितले. आपण पुरते ऐकले नाही. पण सरकारने तेवढेच ऐकवायचे आणि सावकाराची गोष्ट गाळायची, हे आम्हाला मान्य नाही.

२० डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी. गाव झाडून झाले की खराटे भिंतीला टेकवा, पारावर बसा आणि आपापल्या कर्जाचा हिशेब चारचौघांत मोठ्याने वाचा.