परवान्याचे वाचलेले पैसे बॅकअपला लावा

चार्टर्ड अकाउंटंटचे ऑफिस असो, पतसंस्था असो की छापखाना, दहा-पंधरा संगणक झाले की सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवाव्याच लागतात. मग कुणाच्या तरी टेबलावरच्या संगणकातले फोल्डर ‘शेअर’ करून वेळ मारून नेली जाते, नाहीतर विक्रेता सुचवेल तो विंडोज सर्व्हर घेतला जातो. पहिल्या उपायात तो एक संगणक बंद पडला की सगळ्यांचे काम थांबते. शिवाय विंडोज प्रो एका वेळी २० हून जास्त जोडण्या घेत नाही. दुसऱ्यात, स्टँडर्ड आवृत्ती घेतली तर सर्व्हरच्या परवान्याखेरीज प्रत्येक वापरकर्त्याचा किंवा उपकरणाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. गरज फक्त फायली ठेवण्याची असेल, तर हा खर्च टाळता येतो आणि तो टाळायलाच हवा.

त्यासाठी लिनक्सवर चालणारे सांबा हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते लिहायला घेतले. विंडोज ज्या एसएमबी पद्धतीने फायलींची देवाणघेवाण करते, तीच सांबा वापरते. त्यामुळे कर्मचाऱ्याला नवे काही शिकावे लागत नाही. त्याच्या पडद्यावर नेहमीसारखाच नेटवर्क ड्राइव्ह दिसतो. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून सांबा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एका जागी सांभाळणारा सर्व्हर, म्हणूनही काम करते. कमांड लिहिणे नको असेल, तर ओपनमीडियाव्हॉल्ट या प्रणालीत सांबाची फायली ठेवण्याची सोय ब्राउझरमधून हाताळता येते. त्यालाही परवाना शुल्क नाही आणि साध्या, धडधाकट जुन्या संगणकावर ते चालते.

फुकटच्या गोष्टीच्या सुरक्षेची हमी कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या एसएमबीतील ज्या त्रुटीतून जगभर धुमाकूळ घातला, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. त्याच मे महिन्यात सांबातही गंभीर त्रुटी सापडली आणि तिच्यावरही दुरुस्ती आली. म्हणजे पैसे मोजले म्हणून कुणी वाचत नाही. दुरुस्त्या वेळेवर बसवणारा वाचतो. बिघडले तर कुणाला बोलवायचे, ही अडचण मात्र खरी आहे. म्हणून लिनक्स जाणणाऱ्या तंत्रज्ञाशी वार्षिक करार आधी करावा, सर्व्हर नंतर उभारावा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला सर्व्हरवर विंडोजच लागत असेल, तर हा सल्ला लागू नाही. ते विक्रेत्याकडून आधीच लेखी विचारून घ्यावे.

वाचलेली रक्कम नफ्यात धरणे ही मोठी चूक ठरेल. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी रेड रचना डिस्क बिघडली तर वाचवते, पण चुकून पुसलेली किंवा खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल ती परत देत नाही. त्यासाठी वेगळी प्रत हवी, एक प्रत ऑफिसबाहेर हवी, आणि तिच्यातून फायली खरोखर परत मिळतात का, हे दर महिन्याला तपासायला हवे. परवान्याचे पैसे या कामाला लावणारे ऑफिसच खऱ्या अर्थाने स्वस्त सर्व्हर चालवते.